सह्याद्रीच्या रानातली झाडंझुडपं आणि तणं ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की ट्रेकला जाणारे, घाटाखाली प्लॉट घेतलेले आणि रानभाज्यांची हौस असलेले लोक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. खालची उत्तरं मुख्यतः मुळशी, ताम्हिणी, भीमाशंकर, माळशेज या पट्ट्यातल्या आणि त्याखालच्या कोकणातल्या रानाला धरून आहेत. विदर्भातल्या सागवानी जंगलात यातलं बरंच जुळेल, पण सगळं नाही.

काहीच ओळखता येत नाही. सुरुवात कुठून करू?

पानापासून. फुलापासून सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण फूल वर्षातले दोन-तीन आठवडे असतं आणि पान महिनोन्महिने. आधी बघा की पानं फांदीवर समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत की तीन-चार मिळून वर्तुळात आलीत. तेवढ्यानेच निम्मे पर्याय गळतात. भारंगीची पानं बऱ्याचदा तिनाच्या घेऱ्यात येतात. एवढी एक खूण ध्यानात राहिली तरी झुडपांच्या गर्दीत ती वेगळी दिसते.

पुढची पायरी म्हणजे पान एकच आहे की अनेक पर्णिकांचं, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांसारख्या भागांचं, मिळून झालंय हे ठरवणं. इथे सगळेच अडखळतात. उपाय सोपा आहे: देठाच्या बेचक्यात कळी शोधा. जिथे कळी तिथून खरं पान सुरू होतं. पर्णिकेच्या बुडाशी कळी नसते.

मग खोड बोटांत फिरवून बघा. चौकोनी लागलं तर बहुधा तुळशीच्या किंवा घाणेरीच्या गोतावळ्यातलं काहीतरी आहे. पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का ते पाहा, आणि शेवटी पान चुरगाळून वास घ्या. वास हा सर्वात कमी वापरला जाणारा आणि सर्वात भरवशाचा पुरावा आहे, फक्त तो वहीत उतरवणं अवघड. आणि अंगावर लव किंवा केस असलेली अनोळखी वेल चुरगाळायची नाही. का, ते खाजकुयलीच्या प्रश्नात येईल.

मोबाइलवरचं ॲप नाव सांगतं. ते खरं मानायचं का?

कुळापर्यंत बहुतेक वेळा मानायला हरकत नाही, जातीपर्यंत नाही. गूगल लेन्सला बागेतली आणि जगभर पसरलेली झाडं चांगली कळतात. घाणेरी किंवा एकदांडी ते झटकन सांगतं. सह्याद्रीपुरत्याच असलेल्या वनस्पतींच्या बाबतीत मात्र ते जवळचं एखादं प्रसिद्ध नाव चिकटवून मोकळं होतं. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर माणसं नोंद तपासतात, म्हणून ती जास्त उपयोगी.

फोटोही लोक एकच काढतात, फुलाचा, वरून. पानाची वरची बाजू, खालची बाजू, देठ खोडाला मिळतो ती जागा, पूर्ण झाड आणि असलंच तर फळ, एवढं आलं की ओळखणाऱ्याचं काम निम्मं होतं. खायच्या बाबतीत ॲपचा शब्द अजिबात चालणार नाही, याबद्दल वाद नको.

तण नक्की कशाला म्हणायचं?

शेतात नको असलेलं ते तण, ही शेतकऱ्याची व्याख्या शेतात बरोबर आहे. जंगलात तिचा उपयोग होत नाही. कुर्डू, टाकळा, तेरडा शेताच्या बांधावर तण ठरतात, पण त्यांचा रानाला त्रास नाही. जंगलात विचारायचं ते एवढंच, की हे बाहेरून आलंय का, आणि आल्यावर इथलं काही उगवू देतंय का? या दोन्हींचं उत्तर वाईट आलं तर ते रानाचं तण.

मग आमच्या बाजूच्या रानात अशी तणं कोणती?

तीन तर हमखास भेटतील: रानमोडी, घाणेरी आणि रानतुळस.

रानमोडीचं शास्त्रीय नाव क्रोमोलेना ओडोराटा. मूळ अमेरिका खंडातली. पानं समोरासमोर, त्रिकोणी, कडेला मोठे दाते, आणि पानाच्या बुडाजवळून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या फुटलेल्या. ही त्रिशूळाची खूण घट्ट धरा. चुरगाळल्यावर उग्र दर्प येतो. पावसाळ्यात ती नुसती हिरवी दाटी असते, म्हणून नवख्याला रान किती छान गर्द झालंय असं वाटतं. नोव्हेंबरनंतर पांढऱ्या ते फिकट जांभळट फुलांचे झुपके येतात, त्यांचं म्हातारीसारखं बी वाऱ्यावर उडतं, आणि मार्च-एप्रिलपर्यंत सगळा पाला वाळून कोळ होतो. वणव्याला याहून चांगलं सरपण मिळत नाही. वणव्यात इथली रोपं मरतात, रानमोडी मात्र बुडख्यातून परत फुटते, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तिचंच बी आधी पडतं. घाटातल्या कितीतरी उतारांवर ही साखळी वर्षानुवर्षं चालू आहे.

घाणेरीला कुठे टणटणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली, तिथून ती देशभर गेली. खोड चौकोनी, त्यावर मागे वळलेले काटे, पान खरखरीत, आणि एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी किंवा नारिंगी-लाल अशी दोन रंगांची फुलं. फळं पिकल्यावर काळी-निळी होतात, पक्षी ती खातात आणि बी दूरवर टाकतात. गुरांनी पाला खाल्ला तर यकृताला इजा होते आणि उन्हात कातडी सोलपटते, म्हणून गुराखी तिच्यापासून जनावर हाकलतो. फुलपाखरं तिच्यावर भरपूर येतात हे खरं आहे. त्याच कारणासाठी काही जण तिची बाजू घेतात. मला तो युक्तिवाद पटत नाही, कारण तिच्या दाटीखाली इतर झाडोऱ्याला उठायला जागाच राहत नाही.

रानतुळस (हिप्टिस) वाटेच्या कडेला, पडीक जागी आणि विरळ जंगलात माजते. खोड चौकोनी, वास तीव्र, फुलं बारीक जांभळी, आणि वाळलेल्या बोंडांना टोकेरी दाते असल्यामुळे ती पायाला टोचतात. घरच्या तुळशीशी गल्लत होऊ शकते ती फक्त कोवळेपणी. नाव घेताना मात्र जपून, कारण याच नावाने गावोगाव वेगवेगळी झाडं दाखवतात.

गाजरगवत जंगलातही असतं का?

दाट सावलीत ते टिकत नाही. गाडीरस्ता, वनविभागाची चौकी, पार्किंग, गुरांचा तळ, अशी जमीन उघडी पडलेल्या जागी ते येतं. गाजरगवत, म्हणजे पार्थेनियम, भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते १९५० च्या दशकाच्या मध्यावर, पुण्यात. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानलं जातं. पान गाजरासारखं चिरलेलं, फुलाची पांढरी बोंडं मोहरीएवढी, नीट बघितलं तर पाच कोपऱ्यांची.

त्याची गल्लत दवण्याच्या रानातल्या भावंडांशी होते. दवण्याच्या पानाची खालची बाजू पांढुरकी आणि मऊ असते, वास सुगंधी. गाजरगवत हाताने उपटणार असाल तर हातमोजे घाला आणि फुलं येण्याआधी उपटा. काहींच्या अंगावर त्याने पुरळ उठतं, ते वर्षानुवर्षं जात नाही. झाडावर पिवळट, काळ्या नागमोडी रेषांचे भुंगेरे पानं खाताना दिसले तर त्यांना मारू नका. १९८० च्या दशकात मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले ते मित्रकीटक आहेत.

सप्टेंबरमध्ये डोंगर पिवळा होतो. ती सोनकी ना?

घाटमाथ्यावर असाल तर बहुधा हो. पुण्याच्या टेकड्यांवर किंवा महामार्गाच्या कडेला असाल तर बहुधा नाही, तो कॉसमॉस. सोनकी गुडघ्याएवढी, पानं साधी, दातेरी, एकाआड एक, फूल लहान. कॉसमॉस माणसाच्या उंचीपर्यंत जातो, पानं समोरासमोर आणि बारीक चिरलेली, फूल मोठं, नारिंगीकडे झुकणारं आणि पाकळीचं टोक दातेरी. तो मेक्सिकोतला. ज्या ‘फुलांच्या दरी’चे फोटो फिरतात, त्यातल्या काही या बागेतून सुटलेल्या पाहुण्याच्या असतात. कोणी कॉसमॉसचं बी डोंगरावर टाकायला निघालं असेल तर त्याला थांबवा.

टाकळा ओळखण्यात चूक होऊ शकते?

होऊ शकते, आणि सहज होते. जूनमध्ये कोवळा टाकळा खुडायला निघालेल्यांनी हे उत्तर नीट वाचावं.

खरा टाकळा (सेन्ना टोरा): पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या, पर्णिका टोकाला गोल आणि रुंद, बुडाकडे निमुळती. खालच्या जोड्यांच्या मध्ये, मधल्या दांडीवर बारीक टोकासारखी ग्रंथी असते. रात्री पानं मिटतात. शेंग वीतभर लांब, बारीक, जराशी वाकडी.

कासविंदा याचाच भाऊबंद. पर्णिका चार-पाच जोड्या आणि टोकाला अणकुचीदार. ग्रंथी एकच, ती पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी. शेंग जाडसर, चपटी. त्याचं बी भाजून कॉफीसारखं पिण्याची पद्धत आहे, पण ओल्या शेंगा-बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. भाजीच्या जुडीत तो नको.

तिसरा गडी सेन्ना युनिफ्लोरा, हा अमेरिकेकडचा. पुण्याच्या आसपास आणि दख्खनच्या पठारावर रस्त्याकडेला याचेच ताटवे असतात आणि लोक त्यालाच टाकळा समजतात. याच्या अंगावर सोनेरी-तपकिरी लव असते आणि शेंगा आखूड, सरळ, दाण्यादाण्याला आवळलेल्या. शेंग दिसली की प्रश्न मिटतो, पण शेंग येईपर्यंत भाजीचा हंगाम उलटून गेलेला असतो! म्हणून ज्या जागेवरचा टाकळा तुम्हाला खायचा आहे, ती जागा आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेंगांवरून पक्की करून ठेवा. माझ्या मते सगळ्याच रानभाज्यांना हा नियम लावावा: खायचं यंदा, ओळखायचं गेल्या वर्षी.

झाडावर चढलेली बदामी पानांची वेल म्हणजे गुळवेलच ना?

कोविडच्या काळात या एका समजुतीने बराच गोंधळ घातला. बदामी पानाच्या वेली रानात पुष्कळ आहेत.

गुळवेलीचं पान बदामी, देठाजवळून पाच-सात शिरा पंख्यासारख्या फुटलेल्या, पृष्ठभाग गुळगुळीत. जुन्या खोडाची साल कागदासारखी पातळ, ती निघाली की आत हिरवं दिसतं. वरून सुतळीसारखी हवाई मुळं लोंबतात, आणि खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. पानाची खालची बाजू मऊ केसाळ असेल तर ती तिची बहीण, टिनोस्पोरा सायनेन्सिस. खोडावर गाठीच गाठी असतील तर टिनोस्पोरा क्रिस्पा. गुळवेल घेऊन यकृताला इजा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आयुष मंत्रालयाने क्रिस्पाशी होणाऱ्या गल्लतीकडेच बोट दाखवलं होतं. वादात पडायचं कारण नाही, पण रानातून तोडून आणून काढा करण्याआधी वैद्याला वेल दाखवा.

कडू कारंद्याचं पानही बदामी असतं. त्याच्या शिरा बुडापासून निघून कमानीसारख्या टोकाकडे जातात, आणि पावसाळा संपताना पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे कंद लटकतात. पहाडवेलीत देठ पानाच्या कडेला नाही, जरा आत, पाठीवर जोडलेला असतो. पान उलटं केलं की लगेच कळतं.

शेवळं, फोडशी आम्हीच तोडून आणली तर?

शेवळं मे अखेर ते जूनमध्ये, पहिल्या सरींबरोबर, पानाआधी जमिनीतून वर येतात. लांब दांडा, वर गुंडाळलेलं तपकिरी-जांभळट आवरण. ठाणे, पालघर, रायगडकडच्या बायका मुंबईच्या बाजारात जुड्या घेऊन बसतात. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायचं, हे त्या स्वतःच सांगतात. तसं नाही केलं तर घसा खवखवतो, कारण आत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्याच दिवसांत सापकांदा उगवतो. त्याचं आवरण नागाच्या फण्यासारखं पुढे झुकलेलं असतं. तो भाजीचा नाही.

फोडशी, म्हणजे कुलू, गवतासारखी दिसते. पानं सगळी बुडातूनच, लांब, चपटी, कोवळी. फूल पांढरं, सहा पाकळ्यांचं, पण भाजी फुलाआधी खुडतात. म्हणजे ओळखीची सोपी खूण हाती नसतानाच तोडायची. त्याच माळावर रानकांदा असतो, विषारी. उकरलं तर खाली मोठा कांदा निघतो, फोडशीला जाडसर मुळांचा झुबका असतो. उकरून खात्री करायची ती एका झाडाची, सगळ्या जागेची नव्हे. मुळासकट काढलेली फोडशी पुढच्या वर्षी येत नाही.

नवख्याने पहिली दोन वर्षं विकत घ्यावी. ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजातल्या बायकांकडून घेताना भाजी कशी साफ करायची, कशी शिजवायची हे विचारून घ्या. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे एका टेबलावर वीस-तीस भाज्या नावासकट बघायला मिळतात. ओळख शिकायला याहून स्वस्त शाळा नाही.

अजिबात हात लावू नये अशी झाडं कोणती?

हात लावायला हरकत नाही पण तोंडात जाता कामा नये, अशी दोन. कळलावी: पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळून आधार पकडतं, फूल पिवळं-लाल, पाकळ्या वर वळलेल्या. फूल नसतानाही पानाच्या टोकावरून ओळखता येते. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, आणि कंद रताळं किंवा करांदा समजून खाल्ला तर जीव जातो. दुसरी गुंज. लाल बी, काळा ठिपका. अख्खं गिळलेलं बी कधीकधी तसंच बाहेर पडतं, चावलेलं घात करतं. मुलं असली की खिसे तपासा. तोंडात गेल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना, बरोबर झाडाचा तुकडा.

खरोखर हात लावू नये अशांत खाजकुयली पहिली. तीन पर्णिकांची वेल, आणि डिसेंबरच्या पुढे वाळणाऱ्या, एसच्या आकाराच्या, सोनेरी केसांच्या शेंगा. वाऱ्यानेही केस उडतात. लागली तर चोळायचं नाही, पाणीही लगेच ओतायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढा किंवा कणकेचा गोळा फिरवा, मग धुवा. ओलसर सावलीत आग्या भेटतो, मोठी खाचदार पानं आणि अंगभर काटेरी केस. खाजकोलतीची वेल नाजूक दिसते म्हणून फसवते. बिब्ब्याच्या चिकाने फोड येतात, आणि निवडुंग-शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

कारवी आणि व्हायटी यांत फरक काय?

दोन्ही एकाच कुळातली झुडपं. कारवी उंच, काठ्या सरळ, पान मोठं आणि खरखरीत. सात-आठ वर्षांनी एकदाच सगळा डोंगर जांभळा करते आणि मग मरते. तिच्याच काठ्यांचे कूड घालतात. व्हायटी ठेंगणी, फुलोरा चेंडूसारखा केसाळ, चिकट आणि उग्र वासाचा.

पांढरा कुडा की काळा?

दोघांनाही चीक, दोघांचीही पानं समोरासमोर, शेंगा जोडीने. पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या शेंगा टोकाला सुट्या लोंबतात, काळ्याच्या दोन्ही शेंगांची टोकं पिकेपर्यंत एकमेकांना चिकटलेली असतात. औषधासाठी लागतो तो पांढरा.

प्लॉटवरचं सगळं रान साफ करून मग झाडं लावायची आहेत. चालेल?

नका करू. त्या रानात ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांची बोटभर रोपं आधीच असण्याची शक्यता मोठी, आणि ती आपोआप आली असल्यामुळे नर्सरीच्या रोपापेक्षा चिवट असतात. ग्रासकटर त्यांच्यात आणि रानमोडीत भेद करत नाही. एक पूर्ण पावसाळा नुसतं बघा, रोपांना रंगीत फडकी बांधा, मग तण काढा.

रानमोडी फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना बुडख्यासकट उपटावी. घाणेरी वरून छाटली तर आणखी दाट फुटते. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत अशी की जमिनीखाली थोड्या खोलीवर, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. त्यानंतर ती जागा मोकळी सोडायची नाही, इथलं गवत किंवा झुडपं लावायची, नाहीतर पुढच्या पावसात तेच बी पुन्हा रुजतं. आणि गिरिपुष्प, सुबाभूळ ‘लवकर हिरवं होतं’ म्हणून लावू नका. लवकर होतं हीच त्यांची अडचण.

गवतं कशी ओळखायची?

सध्या सोडून द्या. भिंग आणि तुरा हवा, शिवाय चिकाटी. झुडपं जमली की तिकडे वळा.

ओळखण्यासाठी फांदी तोडून घरी आणली तर चालते?

राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय तिथून काहीही काढणं गुन्हा आहे. देवराईत गावाचा नियम चालतो आणि तो कायद्याहून कडक असू शकतो. कासच्या पठारावर तर पाऊलही आखलेल्या वाटेबाहेर टाकायचं नाही. मालकीच्या जागेतही एकच रोप दिसलं तर फोटोवर भागवा.

एवढं करूनही नाव सापडलं नाही तर कोणाला विचारू?

आधी त्याच गावात, गुरं राखणाऱ्याला किंवा मोळी आणणाऱ्या बाईला. नाव ऐकलं तसं, गावाच्या नावासह लिहून घ्या. तेच झाड पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या नावाने भेटेल. शास्त्रीय नाव हवं असेल तर पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, या ठिकाणी वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह आहेत. जाण्याआधी फोन किंवा मेल करून वेळ घ्या. बरोबर फोटो, तारीख, जागा, अंदाजे उंची, झाड सावलीत होतं की उघड्यावर, आणि चीक-वासाची नोंद असू द्या. कारण वाळलेल्या नमुन्यात किंवा फोटोत यातलं बरंच काही उरत नाही, आणि समोरचा माणूस पहिला प्रश्न नेमका त्याचाच विचारतो.